टॉर्चमध्ये लाल नाही

पहिली पितळी टॉर्च मला भंगारात सापडली. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काम करतो आणि सरावलीला राहतो. घरी येताना वाटेत भंगाराची दुकानं लागतात. तिथे जुन्या तोट्या, व्हॉल्व्ह, तुटके कॉक असं पितळ पोत्यांत भरून ठेवलेलं असतं. अशाच एका पोत्याच्या तोंडाशी ती दिसली. अंगठ्याहून जरा जाड, मधल्या बोटाएवढी लांब. काळी पडलेली. भंगारवाल्याने ती वजनावर टाकली आणि पुडीत बांधून दिली, जणू मी मूठभर खिळे घेतले होते.

घरी आल्यावर चिंचेने घासली. मागचं झाकण निघेना, तेव्हा गरम पाण्यात ठेवून फडक्याने पिळून काढलं. आत सेल फुटून सगळा पांढरा क्षार साचला होता. तो खरवडला, मुळातला मिणमिणता बल्ब काढून टाकला आणि त्या जागी एक नवी एलईडी बसवली. तिच्यामागे प्रवाह आवरणारं नाण्याएवढं सर्किट झाळून बसवलं. बटण दाबलं तर समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर उजेडाचा गोल पडला.

"बंद कर, लोक बघतायत," बायको म्हणाली.

आम्ही दोघं पालघरला एकाच कॉलेजात होतो, म्हणून ती मला एकेरीच बोलते. तिच्या आईसमोर मात्र 'अहो' करते, आणि तिचं 'अहो' ऐकलं की मला माझ्याच घरात पाहुणा आल्यासारखं वाटतं.

त्या टॉर्चनंतर मी थांबलोच नाही. कुंभवलीत एक लेथवाला भेटला. तो पाळी सुटल्यावर मला पितळेच्या नळ्या कातून द्यायचा, बोट घसरू नये म्हणून बाहेरून बारीक जाळीदार खाचा पाडायचा. "साब, इतनी छोटी नली में क्या डालोगे?" असं त्याने पहिल्यांदा विचारलं. मी लाइट म्हणालो, तर त्याने नळी डोळ्याला लावून तिच्यातून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कधी काही विचारलं नाही. मोबाइलवर असे उद्योग करणाऱ्यांचा एक ग्रुप होता, त्यात मी शिरलो. कुणी तळाची स्प्रिंग बदलायचा, कुणी पुढची काच, कुणी अंधारात चमकणारी कडी बसवायचा. मी हे सगळं केलं. टॉर्च झाली की कुणाला तरी देऊन टाकायची आणि दुसरी हातात घ्यायची. एवढ्या टॉर्चचं करायचं काय, असं बायको विचारायची. मलाही ते कळत नव्हतं, पण रविवार छान जायचा.

एकच गोष्ट मला जमायची नाही. रेझिस्टर नावाचा तांदळाएवढा भाग असतो, त्यावर रंगीत पट्टे असतात, ते पट्टे वाचून तो विजेला किती अडवतो ते ओळखायचं असतं. मी कधी वाचले नाहीत. मीटर लावून मोजायचो. मला वाटायचं, सगळेच तसं करत असतील.

माझी सासू मासे विकते. दांडीकडच्या किनाऱ्यावर तिचं घर. होड्या भरतीच्या वेळेप्रमाणे येतात, कधी अगदी पहाटे अंधारातही, आणि तेव्हाच बंदरावर बोली लागते. तिथे माल घ्यायचा आणि बोईसरच्या बाजारात आणून बसायचं, हा तिचा कितीतरी वर्षांचा शिरस्ता. तिच्याकडे एक जुनी, साध्या बल्बची प्लॅस्टिकची टॉर्च होती. तिच्या भाषेत टॉर्च म्हणजे बॅटरी. ती बॅटरी रबरबँडने बांधलेली होती. मी मनात म्हटलं, या बाईला एक चांगली करून देऊ या. मी केलेल्या सगळ्यांत देखणी टॉर्च तिच्यासाठीच केली. नळी जाड घेतली, खारं पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी कड्या दुहेरी बसवल्या, एलईडी त्या वेळी मिळणारी सगळ्यांत प्रखर लावली.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिच्याकडे गेलो, तर पितळी टॉर्च देवाजवळ ठेवलेली, आणि कमरेला तीच रबरबँडची.

"आई, चालत नाही का ती?" मी विचारलं.

"चालते ना. जोरात चालते." तिने ती देवाजवळून उचलून माझ्या हातात दिली. "पण जावई, त्या बॅटरीत मासा शिळा दिसतो."

"शिळा?"

"आता मी काय सांगू. परवा घोळ हातात घेतली. कल्ला उघडून बघितला तर पार मातीवानी. मी नाय घेतली. बाजूवालीने घेतली. उजाडल्यावर बघते तर कल्ला लालभडक. माझं गिऱ्हाईक तिच्याकडे गेलं."

मासा ताजा की शिळा हे कल्ल्याखाली बघतात. लाल असला तर ताजा. हे मला लग्नानंतर कळलं होतं, आणि मी ते जसं ऐकलं तसं मानलं होतं. मी तिथेच टोपलीतला एक बांगडा उचलला, कल्ला वर केला आणि आधी पितळी टॉर्चचा, मग तिच्या प्लॅस्टिकच्या टॉर्चचा उजेड पाडला. एक जास्त, एक कमी आणि जरा पिवळट. बाकी दोन्ही सारखेच. कल्ला दोन्हींत एकच दिसत होता.

"दोन्हींत सारखाच तर आहे," मी म्हणालो.

सासूने माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "अहो, नाही हो. तुमच्या टॉर्चमध्ये हा तपकिरी दिसतोय."

मला वाटलं, आईची बाजू घेतेय. टॉर्च घेऊन घरी आलो आणि एलईडी बदलून दुसरी, आणखी प्रखर बसवली. सासूने ती नेली आणि परत दिली. म्हणाली, "ही तर आधीच्याहून वाईट हाय."

मी चिडलो नाही, पण गोंधळलो. जी गोष्ट मी हाताने बनवली, जिचा प्रत्येक टाका मला माहीत होता, तिच्यात काहीतरी चुकत होतं आणि ते मला सोडून सगळ्यांना दिसत होतं. ग्रुपवर विचारलं. कुणीतरी लगेच लिहिलं की या एलईडीचा उजेड हिरवट असतो, त्यात लाल कमी असतो, म्हणून लाल वस्तू मळकट दिसते. रंग नीट दाखवणारी एलईडी वेगळी मिळते. दुसऱ्याने खाली लिहिलं, 'तिचा हिरवेपणा तर आंधळ्यालाही दिसेल.' ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग जुन्या टॉर्च काढून भिंतीवर उजेड पाडला. हिरवट काहीच नव्हतं. पांढरी भिंत होती.

मी वेगवेगळ्या एलईडी मागवल्या. चार सारख्या टॉर्चमध्ये चार जातींच्या बसवल्या आणि कुठलीत कोणती आहे हे तळाला चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं. संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात होती. तिला म्हटलं, "जरा या चारांतला फरक सांग." तिने कापलेल्या टोमॅटोवर एकेक टॉर्च धरली आणि गॅसशेजारी ओळीने लावून ठेवली. "ही सगळ्यांत चांगली. ही तिच्यापेक्षा कमी. ही बरी. आणि ही म्हणजे दवाखान्यातली ट्यूब." मी तळ पाहिले. ग्रुपवरच्यांनी जो क्रम सांगितला होता, तोच.

मी टॉर्च दुसऱ्या खोलीत नेल्या, उलटसुलट केल्या, आणल्या. तिने पुन्हा तसाच क्रम लावला, या वेळी स्वतःच्या हातातल्या बांगड्यांवर बघून. मला खरोखर वाटलं की तिने काही खूण लक्षात ठेवली असेल, नळीवरचा एखादा ओरखडा वगैरे. मी चारही डोकी काढून एकमेकांच्या नळ्यांवर बसवली. ती कंटाळली होती, तरी तिने केलं. तसंच.

मग तिने टॉर्च खाली ठेवली आणि फार जपून विचारलं, "तुला खरंच दिसत नाही?"

"काय दिसत नाही ते तरी सांग."

 तिने फ्रिजमधून मिरच्यांची पिशवी काढली. डहाणूकडच्या मिरच्या होत्या, बऱ्याच दिवसांच्या, काही पिकून लाल झालेल्या. तिने त्या ताटात पसरल्या आणि ट्यूबलाइट लावून म्हणाली, "यातल्या लाल बाजूला काढ."

मी काढायला लागलो. काही ओळखू येत होत्या, थोड्या गडद, देठाशी सुकलेल्या. बाकीच्यांवर माझा हात अडून राहत होता. ताट दिव्याखाली नेलं. एक मिरची उचलून नाकाशी धरली, जणू वासाने कळणार होतं. शेवटी जो ढीग झाला तो तिने बोटाने पसरला. त्यातल्या निम्म्या तिने उचलून परत ताटात टाकल्या, आणि ताटातल्या काही माझ्या ढिगात.

"इतकी वर्षं तू बाजारातून मिरच्या आणतोस," ती म्हणाली.

"तोच निवडून देतो. मी फक्त पिशवी धरतो," मी म्हणालो, आणि बोलता बोलता मलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं.

पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एक पुस्तक पुढे केलं. पानोपानी रंगीत ठिपक्यांची वर्तुळं, आणि त्यात म्हणे आकडे लपलेले. पहिलं पान दिसलं. पुढच्यावर नुसते ठिपके. त्याच्या पुढच्यावरही. मागे उभ्या असलेल्या बायकोचा श्वास मला ऐकू येत होता. ती ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत असणार, कारण डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "तुम्ही नका सांगू." मग एक पान आलं आणि मला त्यात स्पष्ट आकडा दिसला. मी पटकन सांगितला. बायको न राहवून म्हणाली, "यात तर काहीच नाही."

"त्यांना दिसणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे पान तसंच केलेलं असतं. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कमी कळतो त्यांनाच यातला आकडा दिसतो, बाकीच्यांना नाही."

बायकोने पुस्तक जवळ घेऊन पाहिलं, तिरकं करून पाहिलं. तिला काही दिसलं नाही. मला दिसत होता. आम्ही दोघं त्या एका पानावर अडकून बसलो होतो आणि बाहेर पेशंट थांबले होते.

हे जन्मापासूनच आहे, वाढणार नाही, कमीही होणार नाही, असं त्यांनी समजावलं. आईकडून मुलाला येतं. आईला स्वतःला बहुधा काही नसतं. "आईकडच्या पुरुषांपैकी कुणाला आहे का? तिचे वडील, तिचा भाऊ?"

आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा एक भाऊ, माझा मामा, मनोरला असतो. त्याचं मला काही माहीत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. काही बदललं नव्हतं आणि मला कुठेच नीट बघता येत नव्हतं. कारखान्यात जमिनीपासून छतापर्यंत पाइप जातात, पाण्याचे एका रंगाचे, आगीच्या पाण्याचे दुसऱ्या. मला ते कायम ठाऊक होते. पण आता त्यांच्याखाली उभं राहिलो की कळेना, मी रंग ओळखतोय की डावा-उजवा लक्षात ठेवलाय. स्टोअर्समधल्या मालाला नंबर असतात, म्हणून तिथे कधी अडलं नसावं. घरी बायकोचा लग्नातला शालू काढून पलंगावर पसरला. तिला विचारलं, "हा कसा आहे?" ती म्हणाली, "हिरवा." मलाही तो हिरवाच दिसत होता, कारण लग्नात सगळे त्याला हिरवा म्हणाले होते. नाव काढून टाकलं तर मला काय दिसतं, हे बघायचा मी प्रयत्न केला. शेवाळलेल्या खडकासारखं काहीतरी. पण शेवाळाचा रंग तरी मला माहीत होता का? मी शालू घडी करून ठेवला.

ज्यांना टॉर्च दिल्या होत्या ते आठवायला लागले. शेजारच्या एकाने मागे म्हटलं होतं, समुद्राच्या हवेने पितळ हिरवं पडलंय, काही उपाय सांगा. तेव्हा मी म्हणालो होतो, "काळं पडलं असेल." त्याने वाद घातला नव्हता. असे किती लोक असतील ज्यांनी वाद घातला नाही?

सासूला सांगायला बायको मला घेऊन गेली. सासू सुकत घातलेले बोंबील उलटत होती. तिने ऐकून घेतलं, हात पदराला पुसले आणि मला विचारलं, "म्हणजे माझी पोर तुमाला काळी दिसते का गोरी?"

"जशी आहे तशीच दिसते, आई."

"मंग झालं." ती पुन्हा बोंबलांकडे वळली. थोड्या वेळाने तिला काहीतरी सुचलं. "आणि कोलंबी? शिजवल्यावर कशी दिसते?"

"शिजलेली दिसते."

तिला हे उत्तर पटलं नाही, पण तिने ते चालवून घेतलं.

तिची टॉर्च आम्ही तिघांनी मिळून केली असं म्हणायला हवं. बायकोने निवडलेली एलईडी मी बसवली. सासूने भर दुपारी माजघराची दारं लावून, ताज्या पापलेटाचा कल्ला उघडून तिच्या उजेडात पाहिलं, मग दार उघडून उन्हात पाहिलं, पुन्हा आत जाऊन पाहिलं. "आता बरोबर," ती म्हणाली. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. मी केलेली वस्तू होती, बरोबर झाली होती, आणि बरोबर झाल्याचं मला त्या दोघींच्या तोंडाकडे बघून कळत होतं. याचा आनंद मानावा की काय करावं, ते मला कळलं नाही. सासूने टॉर्चला भोक पाडून नाडी बांधून मागितली, कारण एवढीशी वस्तू टोपलीत हरवते. ती नाडी आता तिच्या कमरेला असते.

एका रविवारी मामाकडे गेलो. मनोरच्या बाजारात त्याचं शिवणकामाचं दुकान होतं. मामी वारली आणि वर्षाच्या आत त्याने ते बंद केलं. हात थरथरतो म्हणून, असं त्या वेळी सगळे म्हणाले. मी मात्र त्याच्या हाताची थरथर कधी पाहिली नव्हती. बायकोने चहा केला. मी खिशातून टॉर्च काढल्या आणि डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते सगळं मामाला सांगितलं.

 मामाने ऐकत ऐकत बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "म्हंजे तुला पण हाय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला ठाऊक होतं. तुझ्या मामीला ठाऊक होतं. दोरा ती काढून द्यायची. ती नाय तर दोरा कोन काढनार?"

"म्हणून दुकान बंद केलंत?"

"मग काय करू? गिऱ्हाइकाला विचारू, बाई, तुमच्या ब्लाउजचा रंग कंचा म्हनून?"

"पण मला, आईला, कुणाला कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं?" मामाला खरंच समजत नव्हतं. "कुनी विचारलं नाय."

माझी बायको दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. मामीच्या हाताखाली दुकानात दोऱ्यांची रिळं कशी ओळीने लावलेली असायची, ते मला आठवलं. लहानपणी मी एकदा त्यांची जागा बदलली होती तेव्हा मामी ओरडली नव्हती, चटकन उठून होती तशी लावून ठेवली होती. मामा मशीनवरून बघत होता. त्या वेळी त्याला काय वाटलं असेल, हे विचारायचं मनात आलं. पण तो तोवर टॉर्च उलटसुलट करून बघत होता.

"ह्या कशाला दोन?"

"एकीच्या उजेडात लाल नीट दिसतो, दुसरीच्या उजेडात नाही. असं ही म्हणते."

मामाने बाजेवरची सतरंजी ओढून घेतली आणि तिच्या पट्ट्यांवर एक टॉर्च लावली, मग दुसरी. डोळे बारीक करून बघितलं. मला जवळ बोलावलं. आम्ही दोघांनी डोकी जुळवून पाहिलं.

"सारख्याच हायेत की," मामा म्हणाला.

"मलाही सारख्याच वाटतात," मी म्हणालो.

"अहो मामा, सारख्या कशा?" बायको पुढे आली. "ही बघा, हिच्यात ही पट्टी लाल आहे, आणि हिच्यात विटकरी."

मामाने पुन्हा पाहिलं, आणि तिच्याकडे दया आल्यासारखं बघितलं. "पोरी, एकच रंग हाय," तो समजावून सांगितल्यासारखा म्हणाला. "आमी दोघं बघतोय ना."

ती हसली. मग तिने मामाच्या हातातून टॉर्च घेतली, दुसरीही घेतली, आणि सतरंजीच्या त्याच पट्टीवर एकदा ही, एकदा ती असं धरून बराच वेळ पाहत राहिली. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "थांब जरा. सारख्या कशा दिसतात ते बघू दे."